स्थलांतर करणाऱ्या मासेमारांना मत्स्यशेतीचे प्रशिक्षण: उपाय की पळवाट?

वैनगंगाकाठ (नागपूर), धागाकर्ता:

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील ढिवर, भोई, केवट समाजांतले तरुण दिवाळी सरली की गाव सोडतात. काही नागपुरात बांधकामावर येतात, काही तेलंगणात मिरची तोडायला जातात, आणि ज्यांच्या हाताला जाळ्याची सवय आहे ते परक्या जलाशयावर ठेकेदाराकडून उचल घेऊन किलोमागे मजुरीने मासे पकडतात. पकडलेल्या माशावर त्यांचा हक्क नसतो, भाव त्यांच्या हाती नसतो, आणि हिशेब होतो तेव्हा उचलीतून वजावट आधी होते.

ज्या भागात माजी मालगुजारी (म्हणजे जुन्या मालगुजार-जमीनदारांच्या काळचे) तलाव हजारोंनी आहेत, त्या भागातील मासेमाराने पाण्याच्या शोधात शेकडो मैल जावे, ही विसंगती मला बोचते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे धरणात पाणी साठत गेले तशी वैनगंगेची वाहती धार जलाशयात बदलली, आणि डोह व उथळ पाणी ओळखून जाळे टाकण्याचे पिढीजात शास्त्र बऱ्याच ठिकाणी निरुपयोगी ठरले. तेव्हा पकडण्याकडून पाळण्याकडे वळण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही. माझी सूचना अशी की, या मासेमारांना मत्स्यशेतीचे संपूर्ण हंगामभर चालणारे, मजुरीसह प्रशिक्षण द्यावे. तीन दिवसांचे वर्ग, एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि शेवटी सामूहिक छायाचित्र, असल्या प्रशिक्षणाविषयी मी बोलत नाही. जुलैत बीज सोडण्यापासून मार्च-एप्रिलमध्ये तलाव आटताना जाळ्याची शेवटची ओढ काढण्यापर्यंत शिकणाऱ्याने त्याच पाण्यावर राहावे. नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे; ज्ञानासाठी मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे, त्यामुळे हीच वेळ आहे असे मला वाटते. मते यावीत, विरोधी असली तरी.

ढिवराची लेक:

आपला हेतू चांगला आहे, पण निदान चुकीच्या जागी केले आहे. माझे वडील तलावाच्या पाळीवर उभे राहून पाण्याच्या रंगावरून खाली काय चालले आहे ते सांगत असत. अशा माणसाला 'प्रशिक्षणाची गरज आहे' असे म्हणताना आपण नकळत ठरवून टाकतो की त्याचे दारिद्र्य हे त्याच्या अज्ञानातून आले आहे. ते ठेक्यातून आले आहे. तलाव जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधारे खात्याचा. तो मच्छीमार सहकारी संस्थेला पाच वर्षांसाठी मिळतो. संस्थेकडे ठेक्याची रक्कम आणि बीज घेण्याचे पैसे नसतात. मग ते व्यापारी भरतो आणि कागदावर संस्था राहून तलाव प्रत्यक्षात त्याचा होतो. सभासद आपल्याच गावच्या तलावावर मजूर होतो. या माणसाला आपण कटला, रोहू आणि मृगळ हे मासे एकत्र सोडण्याचे प्रमाण शिकवणार आहात. ते शिकून तो व्यापाऱ्याचे उत्पन्न वाढवील.

हक्क आधी आला म्हणजे काय होते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. मध्य प्रदेशात इटारसीजवळच्या तवा धरणावर विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळवला आणि तवा मत्स्य संघ स्थापला. बीज सोडणे, पकड, वाहतूक, विक्री हे सारे त्यांनी स्वतः चालवले. ते कोणत्या वर्गात बसून शिकले नव्हते. पाणी आपले झाल्यावर शिकले. आणि २००६ च्या अखेरीस अभयारण्याचे कारण पुढे करून ठेक्याचे नूतनीकरण थांबले, तेव्हा त्यांचे सगळे कौशल्य शाबूत असूनही काम बंद पडले. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयावरही वाघ आणि जाळे यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९७ च्या त्या निकालात मध्य प्रदेशच्या बाजूच्या ३०५ परवान्यांचा प्रश्न होता. या दोन्ही प्रकरणांत प्रशिक्षणाचा मुद्दा कुठे येतो, ते मला सांगावे.

हिशेबनीस:

हक्क आणि प्रशिक्षण दोन्ही बाजूला ठेवून मी केवळ आकड्यांचे विचारतो. समजा, संस्थेकडे दहा हेक्टरचा तलाव आहे आणि सभासद साठ आहेत. हेक्टरी पाच हजारांप्रमाणे पन्नास हजार बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडली. निम्मी जगली, हा अंदाज उदारच समजावा, आणि हंगामाअखेर प्रत्येक मासा सरासरी सातशे ग्रॅमचा झाला, तर माल साडेसतरा हजार किलो. तलावावर व्यापाऱ्याने किलोला शंभर रुपये दिले तर साडेसतरा लाख. बीज, पेंड, कोंडा, ठेका, राखण यांत निम्मे गेले असे धरले तर उरतात पावणेनऊ लाख, म्हणजे सभासदामागे वर्षाला साधारण साडेचौदा हजार रुपये. एवढ्यासाठी कोणता तरुण बाहेरगावची मजुरी सोडून वर्षभर पाळीवर बसेल?

शिवाय समोर आंध्र आहे. नागपूरच्या भोईपुऱ्यात पहाटे उभे राहून पाहावे. थर्माकोलच्या पेट्यांतून बर्फातला रोहू-कटला ट्रकने उतरतो, आकाराने एकसारखा, हवा तेवढा आणि बाराही महिने. आपला स्थानिक मासा ताजा असतो, विक्रेतीण कल्ला उचलून लाल रंग दाखवते आणि गिऱ्हाईक दोन पैसे जास्तही देते. पण तो एप्रिलमध्ये एकदम येतो, कारण सगळे तलाव एकाच वेळी आटतात, आणि नेमका तेव्हाच भाव पडतो.

वैनगंगाकाठ:

हिशेबनीसांचे गणित मला मान्य आहे, पण ते साठही जणांना एकाच तलावात उभे करते. माझ्या डोळ्यांसमोर वेगळी विभागणी आहे. गावागावांत ज्या लहान बोड्या आहेत, त्यांत पाणी जेमतेम चार-पाच महिने टिकते. खायचा मासा तिथे वाढत नाही. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, मात्र पंधरा-वीस दिवसांत बीजाच्या आकाराचे होते आणि आणखी दोन-तीन महिन्यांत बोटुकली तयार होते. म्हणजे बोडीचे अल्पायुषी पाणी संवर्धनासाठी पुरेसे आहे. आज बरीच मंडळी बारीक बीज स्वस्त मिळते म्हणून थेट मोठ्या तलावात सोडतात आणि ते मरळ या शिकारी माशाच्या पोटात जाते. तेच बोटभर करून सोडले तर जगण्याचे प्रमाण बदलते, आणि आपण धरलेले 'निम्मे' हे खरोखर उदार राहत नाही. आंध्रचे शेतकरी तर याच्याही पुढे जातात. दाटीत मुद्दाम खुरटवून ठेवलेले वर्षभराचे बीज सोडतात, मोकळे पाणी मिळताच ते झपाट्याने वाढते. ही कला जाळे टाकता येण्याने येत नाही. ती शिकावी लागते, आणि साठांपैकी दहा घरांनी बोटुकली तयार करून आसपासच्या संस्थांना विकली तरी त्या दहा घरांचा हिशेब साडेचौदा हजारांवर थांबणार नाही.

ढिवराची लेक यांना एवढेच विचारतो की, ठेका उद्या खरोखर संस्थेच्या हाती आला आणि पहिल्याच वर्षी बीज मेले, तर दुसऱ्या वर्षी संस्था पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात जाणार नाही का?

मत्स्यविज्ञानाचा विद्यार्थी:

मी प्रशिक्षणाच्या बाजूने आहे, मात्र कशाचे प्रशिक्षण हे स्पष्ट व्हायला हवे. सध्या 'मत्स्यशेती' म्हटले की ताडपत्रीच्या गोल टाक्यांतले बायोफ्लॉक किंवा जलाशयातील पिंजरे यांच्या चित्रफिती दाखवल्या जातात. बायोफ्लॉकमध्ये हवा देणारे यंत्र अहोरात्र चालावे लागते. दाटी एवढी असते की वीज गेली आणि पर्यायी सोय नसली तर काही तासांत मेलेल्या माशांनी टाकी पांढरी होते. ज्या गावात भारनियमन पाहूनच पंप लावतात, तिथे परत आलेल्या मजुराच्या गळ्यात ही जोखीम बांधू नये. पिंजऱ्याचे तसे नाही, तंत्र चांगले आहे, परंतु प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत एका पिंजऱ्याचा खर्च तीन लाख रुपये धरला आहे आणि पिंजरे एकेकटे लावले जात नाहीत. अर्थात मालक कोणी तरी शहरातला असतो आणि आपला प्रशिक्षित मासेमार रात्री डोंग्यात बसून पिंजऱ्यातला पंगस मासा राखतो. ही नोकरी आहे, वाईट म्हणणार नाही, पण तिला स्वयंरोजगार म्हणू नये.

साध्या तलावातील शेतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि अनुभवी मासेमारालाही ते नवे असते. उन्हाळ्यात पहाटे कटला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो. पकडणाऱ्याला ती संधी वाटते, पाळणाऱ्याला तो इशारा असतो: पाण्यातला प्राणवायू उतरला आहे, आज खाद्य बंद, शेण टाकणे बंद, जमल्यास ताजे पाणी. बीजाची प्राणवायू भरलेली पिशवी आली की ती उघडून लगेच ओतायची नसते. पंधरा-वीस मिनिटे तशीच तलावात तरंगत ठेवायची, मग थोडे-थोडे तलावाचे पाणी आत घेऊन बीज आपणहून बाहेर पोहू द्यायचे. एवढ्या एका घाईपायी अर्धे बीज दुसऱ्या दिवशी काठाला लागलेले मी पाहिले आहे.

फुटाळा:

एक अप्रिय मुद्दा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. मोकळा मासा घाण पाणी सोडून दुसरीकडे जातो. पिंजऱ्यातला कुठे जाणार? गोसीखुर्दवर मत्स्यशेती शिकवायची असेल तर त्या वर्गाचा पहिला विद्यार्थी आमची महानगरपालिका असावी.

अर्जुनीकर:

संपूर्ण चर्चा विकतच्या बीजाभोवती फिरते आहे, याचे आश्चर्य वाटते. आमच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने ढिवर स्त्री-पुरुषांनी तलावातील बेशरम हे तण उपटून काढले, देशी पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे परत वाढू दिले. मरळ, शिंगी, मागूर यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागत नाही. निवारा आणि विणीची जागा मिळाली की ते स्वतः वाढतात, आणि बाजारात मरळीचा भाव रोहूहून चढाच असतो. धागाकर्त्यांनी वर मरळीला बीज खाणारा शत्रू म्हटले आहे. पाळणारा तिला शत्रू मानतो आणि पकडणारा लक्ष्मी, यातच दोन दृष्टींतले अंतर आले. मासेमाराला मत्स्यशेतकरी करण्याऐवजी तलाव पुन्हा मासेमारीयोग्य करता येतो, हा तिसरा मार्ग चर्चेत यायला हवा.

हिशेबनीस:

अर्जुनीकरांचा मार्ग मला पटतो, पण तो सावकाशीचा आहे, आणि स्थलांतराचे मूळ सावकाशी न परवडण्यात आहे. मासेमाराला संध्याकाळी पैसा मिळतो. मत्स्यशेतकऱ्याला जुलैत घातलेला पैसा मार्चमध्ये दिसतो. मधले आठ महिने किराणा कशावर भरायचा? याच फटीत ठेकेदाराची उचल शिरते. ती दिवाळीलाच हातात पडते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु बँक तलावाच्या ठेक्याचा कागद मागते आणि तो संस्थेच्या नावे असतो. धागाकर्त्यांनी 'मजुरीसह' हा शब्द घातला, तोच त्यांच्या सूचनेतला सर्वात मोलाचा भाग आहे. तो वगळून उरलेले प्रशिक्षण देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैनगंगाकाठ:

मजुरीवर मी ठाम आहे. ती आठ महिन्यांची असावी, कारण उचलीशी स्पर्धा करायची आहे. मरळीविषयी एवढेच म्हणतो की, बारमाही पाण्याचे तलाव तिला आणि देशी माशांना द्यावेत, हंगामी बोड्या बोटुकलीला द्याव्यात. दोन्हींत भांडण लावण्याची गरज नाही. ठेका आधी की शिकवणी आधी, यावर मात्र मी मागे येत नाही. ठेक्याची मुदत पाच वर्षांची आहे. त्यातली पहिली दोन चुका करण्यात घालवणे या लोकांना परवडत नाही.

ढिवराची लेक:

मग शिकवणार कोणाला, ते तरी नीट ठरवू. आपण सगळे 'परत येणारा तरुण' डोळ्यांपुढे ठेवून बोलत आहोत. तो नोव्हेंबरात पुन्हा जाणार, आणि डिसेंबर ते मार्च, म्हणजे खाद्य, राखण आणि पहाटेची पाहणी यांचे नेमके महिने, गावात असते ती त्याची आई आणि बायको. तलावावर मासा घ्यायला जाणारी, टोपले डोक्यावर घेऊन गावोगाव विकणारी, उधारी लक्षात ठेवणारी तीच. संस्थेच्या सभासद यादीत मात्र नाव पुरुषाचे.

यात पैशाचीही बाब आहे. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान मिळते. अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांना ६० टक्के. ढिवर आणि भोई महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) मध्ये आहेत, म्हणून आमच्या पुरुषाला ४० टक्केच लागू होतात. त्याच घरातील स्त्रीच्या नावाने अर्ज केला तर ६० टक्के. आपली आठ महिन्यांची मजुरी आणि बोडीतले संवर्धन मला मान्य आहे, पण ते तिच्या नावावर असावे, आणि त्याआधी संस्थेने तिला मतदानाच्या हक्कासह सभासद करून घ्यावे. एवढे झाले तर ठेक्याच्या बैठकीत व्यापाऱ्याच्या कागदावर अंगठा कोण उठवते, ते मी पाहीन.