सी प्लस प्लसमधून एंटरप्राइझ वेबकडे: काय आणि कोणत्या क्रमाने शिकावं?

पॉइंटरवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं सी प्लस प्लसमध्ये काढली: डेस्कटॉप सॉफ्टवेअर, थोडं नेटवर्किंग, भरपूर मल्टिथ्रेडिंग. आता ज्या प्रोजेक्टवर जायचंय तिथे सगळा कारभार सर्व्हरवर आहे. जावा, रिलेशनल डेटाबेस आणि ढीगभर सर्व्हिसेस.

लूप आणि क्लास समजावण्यात निम्मा वेळ घालवणारं काही नको. पण शोधायला गेलं की एकीकडे 'पंधरा मिनिटांत एपीआय' छापाचे व्हिडिओ, आणि दुसरीकडे जेटूईई, जावा ईई, जकार्ता ईई, ईजेबी, सर्व्हलेट, स्प्रिंग, स्प्रिंग बूट अशी नावांची जंत्री. यातलं चालू काय आणि कालबाह्य काय तेच कळेना. जावाच धरावं की डॉट नेटही बघावं? फ्रंटएंड कितपत लागेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

जुना_सर्व्हलेट

नावांचा गुंता आधी सोडवू. १९९९ साली आलेलं जेटूईई (सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रामसाठीचा प्रमाण नियमसंच) २००६ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून जावा ईई झालं. २०१० मध्ये जावाची मूळ कंपनी सन ओरॅकलकडे गेली. पुढे ओरॅकलने हे सगळं एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली केलं, पण 'जावा' हा ट्रेडमार्क स्वतःकडेच ठेवला. म्हणून २०१८ पासून नाव जकार्ता ईई. बारसं तीनदा झालं, बाळ तेच.

तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. जकार्ता ईई ९ मध्ये, म्हणजे २०२० च्या अखेरीस, पॅकेजांची नावं 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाली, आणि स्प्रिंग बूट ३ ने (बूट म्हणजे स्प्रिंग फ्रेमवर्क तयार जोडणीसह सुरू करून देणारं साधन) नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच नावं घेतली. तेव्हा एखाद्या ट्युटोरियलमध्ये 'जावाएक्स.सर्व्हलेट' किंवा 'जावाएक्स.पर्सिस्टन्स' इम्पोर्ट केलेलं दिसलं की समजा माल जुना आहे. नव्या बूटवर तो कोड कंपाइलच होणार नाही. मात्र 'जावाएक्स.एसक्यूएल' दिसलं म्हणून पळू नका. ते जेडीकेचाच (जावाच्या मूळ संचाचाच) भाग असल्यामुळे बदललेलं नाही.

ईजेबी (जेटूईईतले व्यवहाराचे नियम ठेवायचे घटक) जुन्या कोडमध्ये भेटेल तेव्हा वाचा. त्याच्या अवजडपणाला कंटाळूनच स्प्रिंग जन्माला आलं (१.० आवृत्ती २००४ ची). स्प्रिंगही खाली सर्व्हलेट (वेब रिक्वेस्ट हाताळणारा जावा क्लास) आणि जेपीए (ऑब्जेक्ट टेबलांत साठवायचं प्रमाण) वापरतंच, त्यामुळे 'स्प्रिंग की जकार्ता' हा वाद वाटतो तेवढा मोठा नाही.

माझा सल्ला: आधी एक सर्व्हलेट हाताने लिहा, टॉमकॅटवर (सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरवर) चढवा, साध्या जेडीबीसीने (जावातून थेट एसक्यूएल पाठवायच्या सोयीने) टेबल वाचा. मग बूट.

शून्यनिर्देश

इतिहासाला +१, शेवटच्या सल्ल्याशी असहमत. अनुभवी माणसाला आठवडाभर सर्व्हलेट लिहायला लावणं म्हणजे वेळेचा अपव्यय. उद्या त्याच्यापुढे बूटच येणार आहे. सरळ बूटने प्रोजेक्ट बनवा, कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्ट घेणाऱ्या तुमच्या क्लासमध्ये) ब्रेकपॉइंट टाका, एक रिक्वेस्ट पाठवा आणि कॉल स्टॅक तळापासून वर वाचत या. तळाशी टॉमकॅटचा थ्रेड, त्यावर फिल्टरांची साखळी, मग डिस्पॅचर सर्व्हलेट (रिक्वेस्ट योग्य कंट्रोलरकडे धाडणारा), मग तुमचा कंट्रोलर. डीबगरची सवय असलेल्याला सर्व्हलेट तिथेच कळतो.

मग ब्रेकपॉइंट सर्व्हिसच्या मेथडमध्ये न्या, जिच्यावर @ट्रान्झॅक्शनल हे अ‍ॅनोटेशन आहे (डेटाबेसमधले सगळे बदल एकत्र पक्के करा किंवा एकत्र मागे घ्या, असं सांगणारं). कंट्रोलर आणि सर्व्हिस यांच्या मधे तुम्ही न लिहिलेल्या काही ओळी दिसतील. तो प्रॉक्सी. सी प्लस प्लसवाल्यांना अ‍ॅनोटेशन हे मॅक्रोसारखं काहीतरी वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. ती नुसती खूण आहे. स्प्रिंग रनटाइमला तुमच्या ऑब्जेक्टभोवती दुसरा ऑब्जेक्ट गुंडाळतं, आणि ट्रान्झॅक्शन उघडायचं-बंद करायचं काम तो बाहेरचा ऑब्जेक्ट करतो. त्यामुळे त्याच क्लासमधल्या एका मेथडने 'धिस' वरून दुसरीला हाक मारली, तर दुसरीवरचं @ट्रान्झॅक्शनल डीफॉल्ट व्यवस्थेत चालतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही.

दुसरी गोम एक्सेप्शनची. रनटाइम एक्सेप्शन किंवा एरर बाहेर पडली तर रोलबॅक (बदल मागे). चेक्ड एक्सेप्शन (जे कंपायलर हाताळायला किंवा जाहीर करायला लावतो ते) बाहेर पडलं तर डीफॉल्टने कमिट (बदल पक्के)! हे दोन्ही स्वतः करून बघा. स्प्रिंगच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलं ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंटचं प्रकरण शांतपणे वाचलं तर निम्मे व्हिडिओ बघायची गरज उरत नाही.

रात्रपाळी

भाषा तुम्ही पंधरवड्यात उचलाल, ती काळजी सोडा. तुमच्यासारख्याने जीव लावून शिकायचं ते म्हणजे रिक्वेस्ट आत आल्यापासून डेटाबेसमध्ये कमिट होईपर्यंत काय काय अडवून ठेवलं जातं.

आकडे बघा. बूटमध्ये टॉमकॅटचे डीफॉल्टने जास्तीत जास्त २०० थ्रेड. हिकारीच्या (कनेक्शन उघडी ठेवून वाटून देणाऱ्या लायब्ररीच्या) पूलमध्ये डेटाबेस कनेक्शन डीफॉल्टने १०. आता कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून, एक क्वेरी मारून, आतच बाहेरच्या पेमेंट सर्व्हिसला कॉल केला आणि तिला उत्तर द्यायला २ सेकंद लागले. १० कनेक्शन, प्रत्येक २ सेकंद अडकलेलं, म्हणजे सेकंदाला फार तर ५ रिक्वेस्ट. बाकीचे थ्रेड कनेक्शनची वाट बघत बसतात आणि ३० सेकंदांनी टाइमआउट खातात. सीपीयू मात्र निवांत. पहिल्यांदा बघणारा हमखास डेटाबेसला शिव्या घालतो.

जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळतं ते हलके थ्रेड) आले म्हणून हे सुटत नाही. थ्रेड कितीही करा, कनेक्शन दहाच. फक्त रांग लांबते.

अवांतर: बूटमध्ये 'ओपन-इन-व्ह्यू' डीफॉल्टने चालू असतं, म्हणजे जेपीएचं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत उघडं राहतं. पहिल्याच दिवशी बंद करा. लेझी इनिशियलायझेशनच्या एरर (सेशन बंद झाल्यावर न वाचलेला डेटा मागितला की येतात त्या) यायला लागतील, त्या येऊ द्या. कोणता डेटा कुठे वाचला जातोय ते त्यातूनच कळेल.

पॉइंटरवाला

प्रॉक्सीचा प्रयोग लगेच करून पाहिला. 'धिस'ने हाक मारल्यावर खरंच ट्रान्झॅक्शन उघडत नाही. आभार!

थ्रेडवरून एक शंका. स्प्रिंगचा बीन (स्प्रिंग बनवून सांभाळतं तो ऑब्जेक्ट) डीफॉल्टने सिंगलटन (एकच प्रत) असतो असं वाचलं, म्हणजे त्याच्या फील्डमध्ये काही साठवलं तर सगळ्या रिक्वेस्टांना ते सामाईक. हे ठीक, साठवणार नाही. पण शेवटचा एकच नग शिल्लक आहे आणि दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी मागितला, तर सर्व्हिसमध्ये लॉक लावून भागेल ना?

रात्रपाळी

नाही भागणार. तुमच्या सर्व्हरच्या दोन-तीन प्रती चालू असणार आणि एका प्रोसेसमधला म्युटेक्स (लॉक) दुसरीला दिसत नाही. निवाडा डेटाबेसनेच करायला हवा.

पोस्टग्रेस डेटाबेसची डीफॉल्ट आयसोलेशन पातळी (एकाच वेळच्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचं काय दिसावं तो नियम) रीड कमिटेड, म्हणजे फक्त कमिट झालेलं दिसतं. दोघेही शिल्लक १ वाचतात, दोघेही ० लिहितात, दोघांनाही 'ऑर्डर पक्की'. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (त्याच्या साठवणीच्या इंजिनात) डीफॉल्ट रिपीटेबल रीड (पुन्हा वाचलं तरी तेच दिसतं) असतं, पण आधी साधं वाचून मग लिहिलं तर तिथेही हेच घडतं, तेव्हा नावावर जाऊ नका. माझी पसंती सरळ एका अपडेटला: शिल्लक एकाने कमी कर, अट अशी की शिल्लक शून्याहून जास्त हवी. मग किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर माल संपला. फॉर्म उघडून माणूस दहा मिनिटं विचार करत बसतो अशा ठिकाणी मात्र जेपीएचं @व्हर्जन (मधे कुणी रो बदलली तर सेव्ह नाकारणारा आवृत्ती-क्रमांक) बरं, कारण तेवढा वेळ रो लॉक करून ठेवणं परवडत नाही.

मधली_सुट्टी

डॉट नेटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एएसपी डॉट नेट कोअर (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटचं वेब फ्रेमवर्क) २०१६ पासून लिनक्सवरही चालतं आणि चांगलं चालतं. कल्पना त्याच: फिल्टरच्या जागी मिडलवेअर, हायबरनेटच्या (जेपीए प्रत्यक्षात राबवणाऱ्या लायब्ररीच्या) जागी एंटिटी फ्रेमवर्क, डिपेंडन्सी इंजेक्शन (लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवणं) अंगभूत. पडद्यामागची जादू थोडी कमी, हे मला आवडतं. पण तुमचा प्रोजेक्ट जावात आहे ना? मग आत्ता दोन दगडांवर पाय नको. एक पक्कं झालं की दुसरं सोपं जातं.

फ्रंटएंड: कुकी, सेशन, सीओआरएस (दुसऱ्या डोमेनला केलेल्या कॉलबद्दलचे ब्राउझरचे नियम) आणि एचटीटीपीचे स्टेटस कोड नीट समजले की सध्या पुरे.

जुना_सर्व्हलेट

सरावाला टु-डू लिस्ट करू नका, त्यात काहीच बिघडत नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळवणारी सर्व्हिस करा. क्लायंटला टाइमआउट आला आणि त्याने तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, तर पैसे दोनदा जाता कामा नयेत. एचटीटीपीची पोस्ट ही मेथड मुळात आयडेम्पोटंट (पुन्हा केली तरी परिणाम एकदाच) नाही, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराला क्लायंटकडून एक की घ्या आणि डेटाबेसमध्ये तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दोनदा येऊ न देणारी अट) लावा. स्कीमा (टेबलांची रचना) हायबरनेटला बनवू देऊ नका, फ्लायवे या साधनाने मायग्रेशन (रचनेतले बदल क्रमाने करणाऱ्या स्क्रिप्ट) लिहा. टेस्ट एचटू या छोट्या डेटाबेसवर न चालवता टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरता डेटाबेस चालू करून देणाऱ्या लायब्ररीने) खऱ्या पोस्टग्रेसवर चालवा. लॉकिंगच्या बाबतीत दोघांच्या वागण्यात फरक पडतो.

(आणि शून्यनिर्देश, कॉल स्टॅकची युक्ती मान्य. सर्व्हलेटचा हट्ट सोडला.)

पॉइंटरवाला

मंडळी, भरपूर मिळालं. पैसे वळवण्याचीच सर्व्हिस करतो. मायक्रोसर्व्हिसेस (एका सर्व्हिसचे छोटे स्वतंत्र तुकडे), काफ्का (सर्व्हिसेसमध्ये मेसेज पोहोचवणारी प्रणाली) वगैरे कधी घ्यावं?

शून्यनिर्देश

एका प्रोसेसमधलं ट्रान्झॅक्शन झोपेतही सांगता यायला लागलं की मग. सर्व्हिस तोडली की तेच ट्रान्झॅक्शन हातातून जातं आणि आउटबॉक्ससारख्या (मेसेज आधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये टेबलात लिहून मग धाडायचा) युक्त्या कराव्या लागतात.

तोवर एक करा: एसक्यूएलचा लॉग चालू ठेवा आणि व्यवहारांची यादी दाखवणारी एपीआय लिहा, प्रत्येक व्यवहारासोबत खातेदाराचं नाव. ५० वेगवेगळ्या खातेदारांच्या ५० व्यवहारांना ५१ क्वेरी दिसल्या तर इथेच लिहा, फेच जॉइनवर (सोबतचा डेटा एकाच क्वेरीत आणायच्या पद्धतीवर) बोलू.