हंगाम पाहूनच मुक्काम

निवृत्त दांपत्याने कॅरिबियनमध्ये बाराही महिने नौकेवर राहावे का, या प्रश्नात खर्चाआधी हंगामाचा विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असल्याने अनेक जोडपी दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदादकडे सरकतात आणि तिथे नौका पाण्याबाहेर काढून, टेकूंवर ठेवून, तळाची डागडुजी उरकून घेतात. अर्थात ग्रेनाडाही पूर्ण सुरक्षित नाही. २००४ मध्ये ‘आयव्हन’ चक्रीवादळाने तिथे हाहाकार माजवला आणि १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ त्याच देशाच्या कॅरिआकू बेटावर धडकले. गोड्या पाण्याची काटकसर तर रोजचीच: भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने विसळायची. नांगर टाकल्यावर मात्र एकाने पाण्यात उतरून तो वाळूत रुतल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करून घ्यावी.