व्याह्यांच्या शेतातला म्हातारा व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरण) नर दिवसा दिसतच नाही. कोणाला अनुभव आहे का?

वर्धारोडकर
नमस्कार मंडळी. मुलगी विस्कॉन्सिनला असते, जावई तिकडचाच. व्याही शेतकरी आहेत. राज्याच्या नैऋत्येला डोंगराळ भागात खाली मका-सोयाबीन, वर ओकचं जंगल. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे जातोय. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी त्यांचा हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, नऊ दिवसांचा. व्याही म्हणाले, तुम्ही माझ्याबरोबर मचाणावर बसायचं.

बंदूक मी कधी धरली नाही, धरणारही नाही. पण बुद्धपौर्णिमेला वन विभागाच्या मचाणावर दोन रात्री काढल्या आहेत आणि लहानपणी आजोबांसोबत शेतात जागलीला जायचो, त्यामुळे गप्प बसायची सवय आहे. प्रश्न असा, की एक मोठा नर तीन वर्षं त्यांच्या शेतात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात येतोय, पण रात्री १ वाजता, २ वाजता. दिवसा एकदाही नाही. फोटोत मान आणि छाती एकच दिसते, पोट खाली आलेलं, डाव्या कानाला चीर. वय किती असेल? आणि तो यांना चुकवतो कसा? माणूस मनापासून मेहनत करतो, म्हणून विचारतोय.

प्रतापनगर_परत
मी चौदा वर्षं तिकडे होतो, त्यातली अकरा वर्षं धनुष्यबाणानं व्हाइटटेलच्या मागे घालवली. इथे या विषयावर बोलायला कोणी भेटत नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पाठ किंचित बसलेली, पोट लोंबलेलं, छाती इतकी खोल की पाय आखूड वाटतात, असं असेल तर तो पाच वर्षांचा किंवा त्याहून मोठा. शिंगांवरून वय काढू नका, ती दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात. अंग बघा. या नरानं चार-पाच बंदुकीचे हंगाम जिवंत काढले आहेत. दोन वर्षांच्या नराला जे चालतं ते याला चालत नाही.

दिवसा तो फिरतो, फक्त कॅमेऱ्याजवळ फिरत नाही. कॅमेरा मक्याच्या कडेला आहे ना? त्याची बसायची जागा वर सोंडेवर असणार, माथ्याच्या थोडी खाली. वारा पाठीकडून येईल आणि समोरचा उतार दिसेल अशी. मागचं नाकानं कळतं, पुढचं डोळ्यांनी. संध्याकाळी उठतो, अंग ताणतो, दाट झाडीतच उभा राहून वास घेत बसतो आणि मक्यापर्यंत पोचतो तेव्हा रात्र झालेली असते.

आता माझी चूक सांगतो. एका ओढ्याच्या वर मला सीडरच्या झाडावर एका मोठ्या नरानं शिंगं घासलेली दिसली. बुंधा माझ्या मांडीएवढा, साल गुडघ्यापासून कमरेपर्यंत सोललेली, आतलं लाकूड लालसर आणि ओलं, खाली ताजा भुसा, राळेचा वास. एवढ्या जाड बुंध्याला लहान नर सहसा हात घालत नाही. मी आनंदानं तिथेच मचाण बांधलं, कॅमेरा लावला आणि दर रविवारी कार्ड काढायला जायला लागलो. पहिल्या आठवड्यात तो दुपारी साडेचारच्या उजेडात फोटोत होता. तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊला. पाचव्यात नाहीच. मी एकदाही झाडावर बसलो नव्हतो, तरी त्याला सगळं कळलं होतं. माझ्या बुटांचा वास, गवतावर घासलेल्या पँटचा वास, सगळं मीच तिथे ठेवून येत होतो.

म्हणून व्याह्यांना मी एकच विचारीन : मचाणाकडे जाता कुठून आणि उतरून परत येता कुठून? बसल्यावर हालचाल न करणं बहुतेकांना जमतं. नर हातचा जातो तो जाण्यायेण्यात. संध्याकाळी हरणं मक्यात चरत असताना तुम्ही टॉर्च घेऊन त्याच मक्यातून घरी गेलात, की माद्या फुरफुरतात, पाय आपटतात, पांढरी शेपटी वर करून पळतात, आणि वर बसलेला नर ते सगळं ऐकतो.

पुढच्या वर्षी मी सप्टेंबरपासून तिकडे पाऊलच टाकलं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली, वारा वायव्येचा झाला, त्या पहाटे रबरी बूट घालून ओढ्याच्या पाण्यातून चालत गेलो. पावणेआठला एक मादी आली, तिच्या मागे नाक जमिनीला लावून तो. तोंडातून वाफ निघत होती. अठरा यार्डांवर थांबला. त्या मचाणावर ती माझी पहिलीच बैठक होती, आणि पहिली बैठकच सर्वांत मोलाची असते हे मला तेव्हापासून पटलं आहे.

वाऱ्याचं अजून एक. डोंगरात फक्त हवामानाचं ॲप बघून चालत नाही. ऊन चढलं की हवा उतारावरून वर जाते, सूर्य कलला की थंड हवा पाण्यासारखी खोलगटात उतरते. त्यामुळे सकाळचं मचाण वर आणि संध्याकाळचं खाली, असा साधारण हिशोब. पण खात्री करायला मी मिल्कवीडचा कापूस वापरायचो. आपल्या रुईच्या कुळातलंच झाड, बोंड फुटलं की तसाच रेशमी कापूस. एक पुंजका सोडायचा आणि नजर ठेवायची. पन्नास-साठ पावलं तो सरळ जातो, मग अचानक वळून ओढ्यात उतरतो, आणि तुमचा वास नेमका कुठे जातोय ते डोळ्यांना दिसतं.

तुम्ही जाल तेव्हा माजाचा भर ओसरत आलेला असेल. पहिल्या सकाळी बंदुका वाजल्या की हरणं दाट जागी शिरतात. अकराच्या सुमारास बाकीचे जेवायला उतरतात आणि जंगलात माणसं हलायला लागली की हरणंही हलतात. डबा वरच न्या, उतरू नका.

कमरेच्या वर किमान निम्मे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी लागतात, आणि मचाणावर पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही. व्हिजिटर व्हिसावर, शिकारीचा परवाना नसताना, बंदूक हातातही घेऊ नका. कायदा कडक आहे.

रानपाखरू
माफ करा, पण इथे शिकारीचे धडे द्यावेत हे मला पटलं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे ती उगाच नाही.

प्रतापनगर_परत
ताई, इथली बंदी मला मनापासून मान्य आहे. चितळाकडे मी कॅमेऱ्याशिवाय कशानंही नेम धरणार नाही. तिथली गोष्ट वेगळी आहे. त्या शेतीच्या पट्ट्यात मोठे शिकारी प्राणी जवळपास उरले नाहीत, हरणं बेसुमार वाढतात, ओकची रोपं खाऊन टाकतात, गाड्यांखाली येतात. परवान्याशिवाय मारता येत नाही, मारलेलं प्रत्येक हरण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत नोंदवावं लागतं. बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७ च्या कायद्यानं मुख्यतः वन्यजीवांच्या कामासाठी जातो. आणि मांस खातात, फेकत नाहीत. वर्धारोडकर, त्यावरून आठवलं : तिथे २००२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे. खाण्याआधी डोकं तपासणीला द्यायला व्याह्यांना सांगा.

सिल्लारी_गाईड
भाऊ, मी पेंचमध्ये जिप्सीवर असतो. तुम्ही नराचं जे सांगितलं ते आमच्या सांबराले शंभर टक्के लागू आहे जी. सांबराचा माजही इकडे नोव्हेंबर-डिसेंबरातच. मोठा नर उघड्यावर माद्यांसोबत दिसत नाही, झाडोऱ्याच्या कडेले अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहते. चितळाचा नर मागच्या दोन पायांवर उभा राहून फांदीले तोंड अन् शिंगं घासते, खालची माती खुरानं उकरते. फोटोवाले लोक नराच्या मागे गाडी घ्या म्हणतात. मी म्हणतो नाही, माद्या जिकडे चालल्या तिकडे पुढे जाऊन इंजिन बंद करू, तो येतेच.

प्रतापनगर_परत
अगदी हेच. तिकडेही नोव्हेंबरात नराला शोधायचं नाही, माद्या कुठे बसतात ते शोधायचं आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला दोन टेकड्यांमधल्या खिंडीवर बसायचं. तो माद्यांचा वास घेत तिथूनच जातो.

वर्धारोडकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री व्याह्यांना व्हिडिओ कॉल केला आणि तुमचा प्रश्न विचारला, जाता कुठून. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, तीन वर्षं मक्याच्या कडेनं जातो, ट्रॅक्टरची वाट आहे म्हणून. कॅमेऱ्याचं कार्डही दर शनिवारी काढतात. पूर्वेला एक ओढा आहे, तिथून मचाण अर्धा तास लांब पडतं, पण या वेळी तिकडून जाऊ म्हणाले. तोवर कॅमेऱ्याकडे जाणार नाहीत. मला ओढ्यातून चालायला जमेल ना? वय ६१. आणि घरामागे रुई आहे, तिचा कापूस नेऊ का?

प्रतापनगर_परत
कापूस नेऊ नका, बियांसकट विमानतळावर अडवतील. व्याह्यांच्या रस्त्याच्या कडेला मिल्कवीडची सुकलेली बोंडं नोव्हेंबरातही मिळतात, मूठभर खिशात ठेवा. ओढा घोट्याएवढा असेल तर जमेल, पण दगडांवर शेवाळ असतं, हातात काठी घ्या आणि आदल्या दिवशी दुसऱ्याच ओढ्यात एकदा चालून बघा, त्या ओढ्यात नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन जोड लोकरीचे मोजे बसले पाहिजेत. पहाटे उणे दहा असू शकतं.