ठोसा दिल्यावरच चालणारा हीटरचा ब्लोअर

प्रश्न: गाडी वीस वर्षांची. हीटरचा ब्लोअर मनात आलं तर फिरतो, नाहीतर ढिम्म. डॅशबोर्डखाली ठोसा दिला की घरघरत सुरू! फ्यूज शाबूत आहे. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर बदलू का?

उत्तर १: घाई नको. रेझिस्टर गेला की बहुतेक वेळा खालचे स्पीड बंद पडतात, फुल स्पीड चालतो. ठोकल्यावर चालतो म्हणजे मला मोटरच्या कार्बन ब्रशचा, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणाऱ्या घासत्या तुकड्यांचा, संशय येतो. स्विच फुलवर ठेवून मोटरच्या दोन्ही पिनांवर व्होल्ट मोजा, पण कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून प्रोब घालून. काढून मोजलं तर सैल अर्थिंगही ठणठणीत दिसतं. मी त्यातच एक रविवार घालवलाय.

प्रश्नकर्ता: 12.3 व्होल्ट येतात, म्हणजे वीज पोचतेय, तरी मोटर गप्प. काढली. पंख्यात वाळलेली पानं, एक ब्रश जेमतेम नखाएवढा उरलाय. कनेक्टरची एक पिन तपकिरी पडलीय, भोवतीचं प्लास्टिक वितळलंय.

उत्तर २: मग नवी मोटर त्या कनेक्टरला लावू नका, तोही बदला. सैल पिन तापते, पुन्हा वितळते. आणि पानं आली कुठून ते बघा. पुढच्या काचेखालची हवा आत घेणारी जाळी तुटली असणार.