९/११ नंतरची ती फुटबॉल मॅच : दुखवटा की देशभक्तीचा देखावा?

ब्राझोसकाठचा (धागाकर्ता)
मुलगी यंदा टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. पहिल्याच आठवड्यात फोनवर तक्रार, "बाबा, इथे मॅचला बसूच देत नाहीत." म्हटलं, माहीत आहे बयो, मीही दोन वर्षं उभाच होतो. तिथे विद्यार्थी म्हणजे 'बारावा खेळाडू', वेळ पडली तर मैदानात उतरायला तयार, म्हणून मॅचभर उभं राहायचं. १९२२ पासूनची प्रथा. (हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.)

त्यावरून २२ सप्टेंबर २००१ आठवला. मंगळवारी न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्या आठवड्यातले कॉलेजचे सामने पुढे ढकलले गेले. आमच्याकडे पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा स्टेटशी मॅच होती. एरवी सगळं स्टेडियम मरून रंगाचं. पण पाच विद्यार्थ्यांनी डोकं चालवलं : वरचा मजला लाल, मधला पांढरा, खालचा निळा. पाच डॉलरला टी-शर्ट. आठवडाभर कॅम्पसवर रांगाच रांगा, ७० हजारांच्या आसपास शर्ट खपले आणि १ लाख ८० हजार डॉलर न्यूयॉर्कच्या पोलिस आणि अग्निशमन दलाच्या मदत निधीला गेले.

मी मधल्या मजल्यावर, पांढऱ्यात. ८२ हजारांवर माणसं. एवढी माणसं गप्प झाली की कसं वाटतं ते सांगता येत नाही. झेंड्याची दोरी खांबावर आपटतेय ते ऐकू येत होतं. आजूबाजूचे रडत होते. देश माझा नव्हता, व्हिसा विद्यार्थ्याचा, एफ-वन, तरी मी रडलो. आम्ही २१-७ जिंकलो, ते नंतर कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

इतक्या वर्षांनी प्रश्न पडतो, ती मॅच व्हायला हवी होती का? मला वाटतं, हवी होती. तुम्हाला?

खडूसराव
नाही. उत्तर देऊन टाकलं, आता कारण.

केनेडींना शुक्रवारी गोळी घातली, २२ नोव्हेंबर १९६३. हार्वर्ड-येलने सामना आठवडाभर पुढे ढकलला. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा मात्र दुसऱ्याच दिवशी खेळले आणि व्यावसायिक लीगने रविवारी सगळे सामने उरकले. लीगचे प्रमुख पीट रोझेल पुढे जन्मभर त्या निर्णयाला चूक म्हणत राहिले. २००१ मध्येही दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांच्या संघटनेने आधी 'आम्ही खेळणार' असंच जाहीर केलं होतं, बाकीच्यांनी माघार घेतल्यावर यांना उपरती झाली. टीव्हीचे करार, तिकिटं, पार्किंग, बियर. यात दुःख कुठे बसवता? शोक करायला टी-शर्टचा रंग ठरवून द्यावा लागत असेल, तर ती कवायत झाली.

सुतकफेडू
राव, हिशेब करा. ११ ला पहिला दिवस धरला तर २० ला दहावा. त्या दिवशी मिसिसिपी स्टेट-साउथ कॅरोलायना मॅच झाली, आणि नेब्रास्काची राइसशी. नेब्रास्कात तर खेळाडूंच्या आधी पोलिस आणि अग्निशमनचे जवान मैदानात आले. धागाकर्त्यांची मॅच बाराव्याला. आपल्याकडे दहाव्या-बाराव्याला भटजी, पिंड, कावळा आणि शंभर माणसांची पंगत असतेच ना? तेराव्याला गोड करून तोंड गोड करतो. तिथे कावळा नाही, म्हणून फुटबॉल.

खडूसराव
पंगतीला मेलेल्याचे नातेवाईक असतात हो. टेक्सासमधून न्यूयॉर्क दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे.

बोरिवली_फास्ट
खडूसरावांशी अर्धा सहमत. २००६ च्या ११ जुलैला अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, दोनशेच्या वर माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी लोकल भरलेल्या बघून पेपरवाल्यांनी 'मुंबई स्पिरिट'चे मथळे दिले. डोंबलाचं स्पिरिट. खाडा झाला असता तर पगार कापला असता, म्हणून गेलो. मी त्याच डब्यात चढलो, ज्या डब्याच्या मागचा डबा आदल्या दिवशी फाटला होता. तेव्हापासून 'पुन्हा उभे राहिलो' हे शब्द ऐकले की डोकं फिरतं.

पण अर्धाच सहमत. कारण २००८ च्या डिसेंबरात चेन्नईला चौथ्या डावात ३८७ करायचे होते, सेहवागने ८३ ठोकून पाया घातला आणि सचिन १०३ वर नाबाद राहिला. २६/११ ला तीन आठवडेही झाले नव्हते. इंग्लंडवाले घरी जाऊन परत आले होते. ते शतक त्याने मुंबईकरांना दिलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ढसाढसा रडलो. तेव्हा मॅच नको होती असं मी म्हणूच शकत नाही.

खडूसराव
मग तुमचं अर्धं कोणतं ते आधी ठरवा.

बोरिवली_फास्ट
लोकलला पर्याय नव्हता. मॅचला होता. मला वाटतं एवढाच फरक.

ब्लॅक्सबर्गची
मी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात होते. १६ एप्रिल २००७ ला आमच्याकडे गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्यात एक मुंबईची मुलगी होती, आर्किटेक्चर शिकणारी, आणि तमिळनाडूचे एक प्राध्यापक. दुसऱ्या दिवशीच्या शोकसभेचा शेवट कशाने झाला माहीत आहे? 'लेट्स गो होकीज'. होकीज म्हणजे आमचा संघ. फुटबॉलची आरोळी! मला तेव्हा शिसारी आली. फोनवर आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

१ सप्टेंबरला ईस्ट कॅरोलायनाशी मॅच झाली, आम्ही १७-७ जिंकलो. पाहुण्यांनी आमच्या स्मृती निधीला एक लाख डॉलर दिले. मी गेले होते. का गेले? कारण एप्रिलपासून त्या गावात जिथे जाल तिथे लोक हळू आवाजात बोलायचे. किराणा दुकानात, बसमध्ये, लायब्ररीत. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने ओरडायची परवानगी मिळाली. देशाबिशाचा काही संबंध नाही.

खडूसकाका, कवायत म्हणालात ते पटलं. धागाकर्ते, तुमच्या मॅचबद्दल मला शंका आहेच. आमचं दुःख आमच्या आवारातलं होतं. तुमचं टीव्हीवरचं.

ब्राझोसकाठचा
एवढं सोपं नाही ताई. १९९९ च्या १८ नोव्हेंबरला आमच्या कॅम्पसवर बॉनफायरचा, म्हणजे मोठ्या होळीचा, लाकडांचा ढीग कोसळून १२ जण गेले होते. आठ दिवसांनी टेक्सास विद्यापीठाशी मॅच झाली, २०-१६ जिंकलो. आणि समोरच्या ओक्लाहोमा स्टेटने त्याच २००१ च्या जानेवारीत विमान अपघातात बास्केटबॉल संघाची दहा माणसं गमावली होती. त्या मैदानावर दोन्हीकडे माणसं मेलेली होती. टीव्हीची गरज नव्हती.

मेस्क्वाईटकर_वहिनी
मी तेव्हा डॅलसजवळ मेस्क्वाईटला. यांचा प्रोजेक्ट, मुलगा दीड वर्षाचा. कोणी म्हणेना की घाबरलोय, पण अपार्टमेंटमधल्या सगळ्या देशी लोकांच्या गाड्यांवर अमेरिकेचे झेंडे लागले. दुकानात संपले तेव्हा यांनी कागदी झेंडा रंगवून मागच्या काचेला चिकटवला. १५ सप्टेंबरला ॲरिझोनात बलबीर सिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली, पगडी बघून. ऑक्टोबरात आमच्या मेस्क्वाईटमध्ये एका गुजराती माणसाला, तोही पंपावर.

दादा, रागावू नका, पण तुमचा पाच डॉलरचा शर्ट आणि आमचा कागदी झेंडा एकच होता असं मला वाटतं. तुम्ही एकटेच गेला होतात का मॅचला?

खडूसराव
वहिनींनी नेमकं विचारलं. थांबतो.

ब्राझोसकाठचा
दोन दिवस विचार करून लिहितोय.

एकटा नव्हतो जाणार. शर्ट दोन घेतले होते. दुसरा रूममेटसाठी. नांदेडचा, सरदार, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचा, वरणफळं करायचा. सोढींची बातमी आल्यापासून तो रात्री लॅबमधून चालत येईना, मी न्यायला जायचो. शनिवारी त्याने पांढरा शर्ट घातला, पगडीही पांढरीच बांधली. चपला घालून दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तू हो पुढे, माझं असाइनमेंट आहे." असाइनमेंट नव्हतं. आमचा विषय एकच होता.

मी 'चल रे' म्हणालो नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ८० हजार माणसांत त्याच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे माझ्याकडेही लोक बघणार, हे डोक्यात येऊन गेलं होतं. मग जाऊन मी तिथे रडलो. कशासाठी, ते आता ठामपणे सांगवत नाही.

लोक वाईट नव्हते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला मिठी मारली होती. तो आला असता तर त्यालाही मारली असती, बहुतेक.

सुतकफेडू
हे वर का नाही लिहिलंत?

ब्राझोसकाठचा
तो इथे वाचतो अधूनमधून.