माँटगोमेरी: पायांनी जिंकलं की कोर्टाने?

खडूस काका:
अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचा बस बहिष्कार म्हटलं की सगळे रोझा पार्क्सपाशी येऊन थांबतात. १ डिसेंबर १९५५ ला ती काळी बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसच्या सीटवरून उठली नाही, अटक झाली, ५ तारखेपासून काळ्या लोकांनी बस सोडली ती ३८१ दिवस. कौतुक आहेच. पण तो मेयर वर्षभर ढिम्म हलला नाही, शेवटी सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९५६ मध्ये बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवण्याविरुद्ध निकाल दिला तेव्हाच सुटलं ना? मग एवढी पायपीट कशाला?

चहाबाज:
असहमत. केस कधी घातली बघा, १ फेब्रुवारी १९५६, बहिष्काराचा नेता मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडल्यावर दोन दिवसांनी. त्याआधी मागणी वेगळं बसवणं बंद करा अशी नव्हतीच!! काळ्यांनी मागून भरत यावं, गोऱ्यांनी पुढून, बसलेल्याला उठवू नये, ड्रायव्हरने नीट बोलावं, असल्याच मागण्या. एवढं नरम मागणंही नाकारलं म्हणून प्रकरण तिथपर्यंत गेलं.

खडूस काका:
आणि त्या केसमध्ये पार्क्स नव्हतीच. क्लॉडेट कॉल्व्हिन होती, १५ वर्षांची पोरगी, पार्क्सच्या ९ महिने आधी अटक झालेली. तिच्या वेळी कोण चाललं होतं?

सुगरण मावशी:
अहो काका, कोर्टात बसून पेट्रोल भरता येत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं तर शेकडो गाड्यांचं कारपूल चालवावं लागलं, विमा कंपन्या विमे रद्द करायला लागल्या तर थेट लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातून काढला. आणि पैसा? जॉर्जिया गिलमोर आणि तिच्या मैत्रिणी घरी चिकन तळायच्या, केक-पाय करून विकायच्या आणि पैसे सभेत नेऊन द्यायच्या. गटाचं नाव काय, तर 'कुठलाच नाही' क्लब, म्हणजे पैसे कुठून आले विचारलं की "कुठूनच नाही". मालकिणीला कळलं तर काम जायचं ना! (त्यातल्याच काही गोऱ्या मालकिणी बाईला आणायला स्वतः गाडी घेऊन जायच्या, मेयरचा जळफळाट व्हायचा.)

चहाबाज:
मावशी +१. १३ नोव्हेंबरला शहर कारपूल बंद पाडायला लोकल कोर्टात उभं होतं, त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाची बातमी आली. कारपूलही बंद झालं, आणि आदेश हातात येईपर्यंत, २० डिसेंबरपर्यंत कोणी बसमध्ये चढलं नाही. तो महिना खरंच पायी.

खडूस काका:
आदेश कोर्टाचाच आला ना पण. आपल्याकडे महाडचं बघा, तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हायकोर्टाचा निकाल १९३७ चा.

सुगरण मावशी:
आणि १९२७ ला तळ्याच्या पाण्याला कोणी हातच लावला नसता तर केस कशावर झाली असती?

खडूस काका:
बरं, ते मान्य. कॉल्व्हिनचं मात्र अजून कोणीच सांगितलं नाही.