मदत हवी आहे: लेकीच्या चार प्रश्नांना मराठीत उत्तर कसं देऊ?
मंडळी, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता इस्राएलमधल्या अश्दोदला. पेसाख म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून आमच्या पूर्वजांची सुटका झाली, त्याचा सण. यंदा त्याच्या सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाच्या विधीला, सगळ्यांत धाकटी म्हणून माझी सहा वर्षांची लेक 'ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?' इथून सुरू होणारे चार प्रश्न हिब्रूत म्हणणार. शाळेत पाठ करून घेतलेत. उत्तर मात्र मला मराठीतच द्यायचंय, आजी द्यायची तसं. मात्झा (बिनखमिराची भाकरी), कडू पाला, मिठाचं पाणी, एवढं सांगता येईल. पण गुलामगिरी म्हणजे काय, हे एवढ्याशा पोरीला कसं सांगायचं?

पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, छापली होती. तिची नीट वाचता येईल अशी प्रत कुणाकडे आहे का? आपल्या जुन्या कीर्तनांतलं मोशेचं (आमच्या लोकांना इजिप्तमधून सोडवून नेणाऱ्याचं) एखादं पद आठवत असेल तर चालीसकट पाठवा. लपवलेला अफिकोमान, म्हणजे मात्झाचा तुकडा, शोधायच्या आशेवर ती जागी राहते, तेवढाच वेळ मिळतो हो!